हार्टपर्यंत सगळं सुरळीत, हार्टसमोर मात्र खेळ खल्लास: ‘स्ले द स्पायर’च्या शेवटच्या बॉसवर उपाय

‘स्ले द स्पायर’ या कार्डांनी लढायच्या व्हिडिओ गेममध्ये तीन ॲक्ट (टप्पे) पार झाले, चौथा उघडणाऱ्या तिन्ही किल्ल्या मिळाल्या, कार्डांचा डेक मस्त जमलाय, रेलिकची (कायम सोबत राहणाऱ्या खास वस्तूंची) रांग लागलीय. मग चौथ्या ॲक्टमध्ये करप्ट हार्ट समोर येतं आणि दोन-तीन टर्नमध्ये सगळं संपतं. पुढच्या रनला, म्हणजे सुरुवातीपासूनच्या नव्या डावाला, पुन्हा तेच. ‘स्ले द स्पायर’ खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो आणि त्यातले बरेच जण इथेच गेम सोडून देतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बाकीचा गेम त्यांना मनापासून आवडलेला असतो.

नागपुरात माझ्या ओळखीत हा गेम खेळणारे बरेच आहेत. कोणी धरमपेठेत घरी पीसीवर खेळतं, कोणी हिंगण्याकडे हॉस्टेलवर जुन्या लॅपटॉपवर, कोणी सीताबर्डी ते खापरी मेट्रोत फोनवर. तक्रार सगळ्यांची एकच: ‘दादा, बाकी सगळं जमून राह्यलं, हार्ट काही मरून नाही राह्यलं.’ पुढे लिहिलंय ते या सगळ्यांना वेळोवेळी जे सांगितलं, त्यातलं खरोखर उपयोगी पडलेलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हार्ट अवघड आहे, पण मनमानी करत नाही. ते कधी काय करणार हे जवळपास पूर्ण ठरलेलं असतं. तिसऱ्या ॲक्टचा बॉस तीनपैकी कोणता येईल हे तो ॲक्ट सुरू होईपर्यंत सांगता येत नाही. हार्ट मात्र दर वेळी तेच, जवळपास त्याच क्रमाने. म्हणजे प्रश्नपत्रिका फुटलेली आहे, तयारी तेवढी वेळेत सुरू करायला हवी.

हार्ट नेमकं काय करतं

हार्टची हेल्थ 750 असते, ॲसेन्शन (गेमच्या अवघडपणाची पातळी) 9 पासून 800. एका टर्नमध्ये त्याला 300 पेक्षा जास्त इजा होऊ शकत नाही, ॲसेन्शन 19 पासून ही मर्यादा 200. त्यामुळे एका फटक्यात हार्ट उडवायचा बेत कोणत्याच डेकने करू नये. तुम्ही खेळलेल्या प्रत्येक कार्डामागे तुम्हाला 1 इजा होते, ती बीट ऑफ डेथ. ॲसेन्शन 19 पासून ती 2.

पहिल्या टर्नला हार्ट हल्ला करत नाही. ते तुमच्यावर व्हल्नरेबल (इजा दीडपट लागते), वीक (मारा पाऊणपट होतो) आणि फ्रेल (कार्डांचा ब्लॉक, म्हणजे इजा अडवणारा बचाव, पाऊणपट होतो) हे तिन्ही डीबफ दोन-दोन टाकतं आणि तुमच्या ड्रॉ पाइलमध्ये (अजून हातात न आलेल्या कार्डांत) डेझ्ड, स्लाइम्ड, वूंड, बर्न आणि व्हॉइड ही पाच रद्दी कार्डं मिसळतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्नला दोन हल्ले येतात, क्रम कोणताही असू शकतो: इको म्हणजे 40 चा एकच दणका, आणि ब्लड शॉट्स म्हणजे 2 चे बारा फटके. ॲसेन्शन 4 पासून इको 45 होतो आणि फटके पंधरा. चौथ्या टर्नला हार्ट पुन्हा हल्ला करत नाही, स्वतःची ताकद वाढवून घेतं. मग पुन्हा दोन हल्ले, पुन्हा वाढ. एवढं पाठ असलं की अर्धी भीती जाते.

आधी हे शोधा: मेलात कोणत्या टर्नला?

‘हार्ट जमत नाही’ असं कोणी म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि बहुतेकांना उत्तर आठवत नाही. पण सगळा इलाज याच उत्तरावर ठरतो. दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला मेलात तर डेकमध्ये बचाव कमी आहे, किंवा असलेला बचाव चुकीच्या हल्ल्यावर खर्च झाला. आठव्या टर्नला किंवा त्यानंतर मेलात तर बचाव ठीक आहे, मारा कमी पडतोय. पाचव्या-सहाव्याला मेलात तर बहुधा दोन्ही थोडंथोडं. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत, एकमेकांच्या उलटही पडू शकतात. दुसऱ्या टर्नला मरणारा माणूस आणखी हल्ल्याची कार्डं घेत राहिला तर तो दुसऱ्याच टर्नला मरत राहणार.

दुसरा आणि तिसरा टर्न

सर्वाधिक रन इथेच संपतात, म्हणून इथेच जास्त वेळ थांबू.

ॲसेन्शन 4 च्या वरचा हिशेब धरा. पहिल्या टर्नला लागलेला व्हल्नरेबल दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही हल्ल्यांच्या वेळी अंगावर असतो. त्यामुळे 45 चा इको 67 होतो, आणि 2 चा फटका 3 होऊन ब्लड शॉट्सचे 45. दोन टर्नमध्ये 112. गेममधल्या चार पात्रांपैकी सायलेंटची सुरुवातीची हेल्थ 70, वॉचरची 72, डिफेक्टची 75, आयर्नक्लॅडची 80. वर फ्रेलमुळे पाच ब्लॉक देणारं डिफेंड कार्ड तीनवर येतं. म्हणजे ‘हातात येतील ते डिफेंड टाकू’ हा बेत गणितातच बसत नाही.

उत्तर ब्लॉकच्या ढिगात नाही, आकडा यायच्या आधीच तो छाटण्यात आहे. हार्टवर वीक लावलं की 67 चे 50 होतात आणि 45 चे 30. एका कार्डात 32 वाचले, आणि ते कार्ड डेकमध्ये पहिल्या ॲक्टपासून पडून असू शकतं. एक डीबफ अडवणारं एन्शंट पोशन (एकदाच वापरता येणारं औषध) पहिल्याच टर्नला प्यायलं तर तीन डीबफपैकी सर्वात आधी येणारा व्हल्नरेबल अडतो, आणि 112 चे थेट 75 होतात. क्लॉकवर्क सुव्हेनिर हे रेलिक दुकानात दिसलं तर तेही हेच काम करतं, तेही प्रत्येक लढाईत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: हे दोन हल्ले अगदी वेगळ्या जातीचे आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. ब्लड शॉट्स म्हणजे छोटे फटके पण भरपूर. ताकद कमी करणारं कोणतंही कार्ड त्यांचा जीव घेतं. आयर्नक्लॅडचं डिसार्म ताकद 2 ने कमी करतं, 2 चा फटका शून्य होतो, पंधराच्या पंधरा शून्य. सायलेंटचं पिअर्सिंग वेल किंवा रंगहीन कार्डांमधलं डार्क शॅकल्स एका टर्नपुरतं तेच करतं. हेच वेल इकोवर वापरलं तर 67 चे 58 होतात, नऊ वाचले. ब्लड शॉट्सवर वापरलं तर 45 वाचतात.

इको उलट जातीचा. एकच मोठा दणका. इथे डिफेक्टचा बफर आणि फॉसिलाइज्ड हेलिक्स हे रेलिक (दोन्ही एका फटक्याची इजा पूर्ण अडवतात) आणि इन्टँजिबल (प्रत्येक फटका 1 वर आणणारं) चालतं. इन्टँजिबल देणारं घोस्ट इन अ जार पोशन इकोवर वापरलं तर 67 चा 1 होतो. ब्लड शॉट्सवर वापरलं तर पंधरा फटके म्हणजे पंधरा इजा होतेच. बफर आणि हेलिक्सबद्दल एक सावधगिरी घ्या. अंगावर ब्लॉक नसताना पहिलं कार्ड टाकलं की बीट ऑफ डेथची ती एक इजा तुमचा बफर खाऊन टाकते. आधी ब्लॉकचं कार्ड टाका, मग बाकीची. ही एवढीशी गोष्ट माहीत नसल्याने चांगल्या रन गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पहिला टर्न हा मोकळा टर्न आहे, हेही पुन्हा सांगायला हवं. समोर हल्ला नाही. त्या टर्नला कार्डं खेळायला लागणारी एनर्जी ब्लॉकवर घालवायची नाही. लढाईभर चालणारी पॉवर कार्डं टाकायची, पोशन प्यायचं. चौथा, सातवा आणि दहावा टर्नही तसाच.

एकाच लढाईचे दोन प्रयोग

माझा मामेभाऊ मानेवाड्याला राहतो, सायलेंट खेळतो, ॲसेन्शन 10. नवतप्यातली दुपार होती, कूलर समोर ठेवून तो हार्टशी लढत होता आणि मी शेजारी बसलो होतो. हेल्थ 61. पहिल्या टर्नला हातात फूटवर्क (ब्लॉक वाढवणारं), नॉक्शस फ्यूम्स (दर टर्नला विष चढवणारं), डेडली पॉइझन आणि डिफेंड, असं सगळंच होतं. घाबरून त्याने तीन डिफेंड टाकले. हार्टने हल्ला केलाच नाही, ब्लॉक वाया गेला. दुसऱ्या टर्नला 67 दिसले. त्याने वेल टाकलं, दोन डिफेंड टाकले. 58 पैकी जेमतेम चार अडले, हेल्थ सहावर आली. तिसऱ्या टर्नला समोर तीन गुणिले पंधरा. हातात काही नाही. तो बघतच राहिला आणि तेवढ्यात लाइट गेली.

लाइट आल्यावर गेम सुरू केला तर लढाई पहिल्या टर्नपासून, हातात तीच कार्डं. हा गेम खोलीत शिरताना सेव्ह होतो. लढाई मध्येच बंद पडली की तीच लढाई सुरुवातीपासून येते.

या वेळी त्याने सुरुवातीलाच एन्शंट पोशन प्यायलं. ते तिसऱ्या ॲक्टपासून तसंच पडून होतं. मग फूटवर्क, फ्यूम्स, डेडली पॉइझन. तीन कार्डांचे तीन गेले, हेल्थ 58. व्हल्नरेबल लागलंच नाही, त्यामुळे दुसऱ्या टर्नला इको 45 चाच. ब्लॉकही देणारं लेग स्वीप टाकलं, हार्ट वीक झालं, 45 चे 33 झाले. त्यावर एक डिफेंड. बीट ऑफ डेथने खाल्लेला ब्लॉक धरूनही 21 च गेले, हेल्थ 37. तिसऱ्या टर्नला ब्लड शॉट्स, त्यावर वेल. पंधरा शून्यं. बाकी कार्डांचा खर्च धरून हेल्थ 36 वर राहिली.

तीच कार्डं, तेच हार्ट, तोच क्रम. आधी सहा, आता छत्तीस. त्याच्या तोंडून ‘अरे बाप्पा’ एवढंच निघालं.

पण तो जिंकला नाही. आठव्या टर्नला ब्लड शॉट्स 90 घेऊन आले. आता दुसऱ्या आजाराकडे वळू.

आठव्या टर्नच्या पुढे

चौथ्या टर्नला हार्टची ताकद 2 ने वाढते आणि दोन आर्टिफॅक्ट (प्रत्येकी एक डीबफ अडवणारे) मिळतात. सातव्याला आणखी 2 ताकद आणि बीट ऑफ डेथ एकने जास्त. दहाव्याला 2 ताकद, आणि तिथून पुढे ज्या ज्या फटक्याने हेल्थ जाते त्या प्रत्येकाचं एक वूंड डेकमध्ये येतं. तेराव्याला 2 अधिक 10. त्यानंतरच्या वाढीत तर 50.

ताकद प्रत्येक फटक्याला वेगळी लागते, म्हणून इको फारसा बदलत नाही: 47, मग 49, मग 51. ब्लड शॉट्सचं मात्र बघा: पाचव्या-सहाव्या टर्नला 60, आठव्या-नवव्याला 90, अकराव्या-बाराव्याला 120, आणि चौदाव्याच्या पुढे थेट 300. म्हणून हार्टशी लांबण लावून लढता येत नाही. बहुतेक डेकसाठी खरी मुदत नववा टर्न आहे. नऊ टर्नमध्ये 750 म्हणजे सरासरी टर्नला 83, आणि पहिला टर्न मांडामांडीत गेला तर त्याहून जास्त.

विषाचा डेक खेळणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. हार्टवर 40 विष चढलं की वाटतं, झालं काम. पण 40, 39, 38, 37, 36 असे पाच टर्न धरले तरी 190 च होतात. शंभर चढवलं तर पाच टर्नमध्ये 490. चढलेलं विष दुप्पट करणाऱ्या कॅटॅलिस्ट कार्डाशिवाय वेळेत तिथे पोहोचणं कठीण, आणि कॅटॅलिस्ट कधी टाकता यालाही महत्त्व आहे. चौथ्या टर्नच्या शेवटी हार्टला आर्टिफॅक्ट मिळतात आणि त्यानंतर टाकलेलं कॅटॅलिस्ट आर्टिफॅक्ट गिळून टाकतो. म्हणजे एक तर चौथ्या टर्नला हार्टच्या आधी ते वापरा, नाही तर दोन किरकोळ डीबफ टाकून आर्टिफॅक्ट उतरवा आणि मग वापरा. नॉक्शस फ्यूम्स हे आपोआप करतं: पाचव्या आणि सहाव्या टर्नच्या सुरुवातीला एकेक आर्टिफॅक्ट तेच खातं. वेल, डिसार्म, मॅलेझ, वॉचरचं टॉक टू द हँड, सगळ्यांना हाच नियम. डिसार्मने घटवलेली ताकदही चौथ्या टर्नला पुसली जाते, त्यामुळे ते पहिल्या तीन टर्नचंच हत्यार आहे.

आयर्नक्लॅड असेल तर मारा वाढवायला डिमन फॉर्म किंवा लिमिट ब्रेक. डिमन फॉर्मला तीन एनर्जी लागतात, म्हणून त्याची जागा पहिल्या टर्नला, दुसऱ्याला नाही. करप्शनसोबत (स्किल कार्डं फुकटात खेळू देणारं, पण ती जाळणारं) फील नो पेन (जळणाऱ्या प्रत्येक कार्डामागे ब्लॉक देणारं) जमलं तर बचावाची चिंता बरीच मिटते, आणि हार्टने टाकलेली रद्दी कार्डं जाळूनही ब्लॉक मिळतो. डिफेक्टला मी या लढाईत सर्वात सुखी मानतो: फ्रॉस्ट ऑर्बच्या (दर टर्नला आपोआप ब्लॉक देणाऱ्या गोळ्यांच्या) ब्लॉकवर फ्रेल चालत नाही आणि त्यासाठी दर टर्नला कार्डही खेळावं लागत नाही. फोकस, म्हणजे ऑर्बची ताकद, वाढवा आणि ऑर्बना काम करू द्या. वॉचरबद्दल एकच बजावणी, रॅथमध्ये (दिलेली आणि घेतलेली इजा दुप्पट करणाऱ्या पवित्र्यात) टर्न संपवू नका. व्हल्नरेबल असताना रॅथमध्ये इको 135 चा पडतो.

खूप कार्डं खेळणारे डेक

शिव्ह (शून्य एनर्जीचे छोटे चाकू) टाकणारा सायलेंट, शून्य एनर्जीची कार्डं फिरवणारा डिफेक्ट, असे डेक बाकी गेममध्ये जोरात चालतात आणि हार्टसमोर स्वतःच्याच कार्डांनी मरतात. एका टर्नला वीस कार्डं म्हणजे वीस इजा, सातव्या टर्ननंतर चाळीस. आफ्टर इमेज असेल तर प्रत्येक कार्डामागे एक ब्लॉक मिळतो आणि सुरुवातीची बीट ऑफ डेथ बरोबर फिटते. टंगस्टन रॉड असेल तरी तेच. यातलं काहीच नसेल तर तिसऱ्या ॲक्टमध्ये असतानाच तसा डेक आणखी ताणू नका.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर गेम इथे थोडा कठोर वागतो. बीट ऑफ डेथ हार्टसमोर उभं राहिल्यावरच कळते, आणि तोवर डेक ठरून गेलेला असतो. पहिल्यांदा तिथे पोहोचणाऱ्याला वाटेत कुठे तरी खूण मिळायला हवी होती. पण एकदा कळल्यावर मात्र हा नियम मला आवडतो. नाही तर सगळ्यांनी दर रनला तोच अनंत फिरणारा डेक बांधला असता.

तयारी दुसऱ्या ॲक्टपासून

नागपुरात कूलर उन्हाळा अंगावर आल्यावर काढत नाहीत, होळीच्या आसपास खाली उतरवून ताट्या बदलून ठेवतात. हार्टचंही तसंच. चौथ्या ॲक्टमध्ये एक कॅम्पफायर, एक दुकान, एक एलिट (बॉसखालोखाल दमदार शत्रूंची लढाई) आणि मग हार्ट, एवढंच असतं. तिथे डेक बदलायला जागा नाही.

पहिल्या ॲक्टमध्ये हार्टचा विचारही करू नका. तिथे ग्रेमलिन नॉबसारख्या शत्रूंना चटकन मारायला हल्ल्याची कार्डं लागतात, ती घ्या. दुसऱ्या ॲक्टपासून मात्र प्रत्येक बक्षिसासमोर दोन प्रश्न विचारा: 67 चा एक दणका माझा डेक कसा झेलणार? 3 चे पंधरा फटके कसे झेलणार? दोन्हींना उत्तर असेल तर तिसरा प्रश्न, नवव्या टर्नपर्यंत 750 कुठून येणार? या तिन्हींपैकी कशालाच मदत न करणारं कार्ड सोडून द्या. काही न घेणं हाही पर्याय आहे. स्ट्राइक हे सुरुवातीचं साधं हल्ल्याचं कार्ड काढून टाकायला दुकानात 75 सोनं लागतं, पुढे दर वेळी 25 जास्त. ते खर्चाला परवडतं, कारण हार्टसमोर हातात आलेला प्रत्येक स्ट्राइक म्हणजे न आलेला फूटवर्क.

वाटेतल्या एलिट लढायांकडे सराव म्हणून बघा. दुसऱ्या ॲक्टमधलं बुक ऑफ स्टॅबिंग अनेक फटके मारतं आणि फटके वाढवत नेतं, तिथे तुमचा जीव कंठाशी आला तर ब्लड शॉट्सला उत्तर नाही असं समजा. तिसऱ्या ॲक्टमधल्या जायंट हेडची हेल्थ 500 असते आणि काही टर्ननंतर ते जीवघेणं मारू लागतं. ते वेळेत मरत नसेल तर हार्टही मरणार नाही.

पोशनची सवय बदलायला लागेल. तिसऱ्या ॲक्टच्या शेवटी पोशनच्या जागा भरलेल्या हव्यात, आणि हार्टसमोर सगळी पोशन वापरायचीच आहेत, मागे ठेवायला पुढे काही नाही. सोन्याचंही तेच. चौथ्या ॲक्टच्या दुकानानंतर सोन्याला किंमत नाही, सगळं तिथे खर्च करा.

भाला आणि ढाल

हार्टच्या आधीची एलिट जोडी, स्पायर शील्ड आणि स्पायर स्पिअर, हेल्थ खाऊन जाते आणि दोष हार्टला मिळतो. दोघं दोन बाजूंना असतात, आणि तुमच्या पाठीमागून येणारा हल्ला दीडपट लागतो. कार्ड किंवा पोशन ज्याच्यावर टाकाल त्याच्याकडे तुमचं तोंड वळतं. म्हणून टर्नमधलं शेवटचं लक्ष्य करून वापरायचं कार्ड जास्त मारणाऱ्यावर टाका, इजा किती होते याचा विचार नंतर. भाल्याचा दहाचे तीन फटके असणारा हल्ला (ॲसेन्शन 3 पासून चार) पाठीवर घ्यायचा नाही. बहुतेक डेकनी आधी भाला मारावा. एक मेला की पाठीमागचा प्रश्नच मिटतो.

इथून किती हेल्थ घेऊन बाहेर पडलात याची नोंद ठेवा. तीस हेल्थ घेऊन हार्टसमोर गेलात आणि मेलात, तर दुरुस्ती या लढाईची करायची आहे.

सरावासाठी

लाइट गेल्यावर लढाई पुन्हा सुरू होते ते वर सांगितलं. मुद्दाम सेव्ह अँड क्विट करूनही तसं होतं. त्यावर आमच्यात बरेच वाद झाले. माझं म्हणणं असं: शिकण्यासाठी खुशाल करा, त्याच कार्डांनी दुसरा मार्ग शोधण्याइतकी चांगली शिकवणी नाही. फक्त लक्षात ठेवा की हेल्थ शून्य झाल्यावर ही सोय नाही, शेवटचा टर्न संपवायच्या आधी थांबावं लागतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी हरलेल्या रनचा सीड (त्या रनचा कोड) लिहून ठेवावा आणि कस्टम मोडमध्ये तोच टाकावा. तोच नकाशा, तीच बक्षिसं मिळतात. अचीव्हमेंट मिळत नाहीत, पण दुसऱ्या ॲक्टमध्ये वेगळी कार्डं घेतली असती तर काय झालं असतं हे डोळ्यांनी बघता येतं.

मेट्रोत फोनवर खेळणाऱ्यांना एवढंच सांगेन की हार्टची लढाई घरी ठेवा. स्टेशन आलं म्हणून घाईत टर्न संपवला आणि समोरचा आकडा नीट वाचलाच नाही, असं फार होतं.

हे सगळं करूनही अडत असेल तर ॲसेन्शन 3 किंवा त्याखाली उतरा. तिथे ब्लड शॉट्सचे बाराच फटके, इको 40, आणि व्हल्नरेबलसकट पहिल्या दोन हल्ल्यांचे 112 ऐवजी 96. हार्ट तिथे एकदा मारा, मग 4 वर या. रनरनने वर चढताना कोणत्या आकड्याला डेक फुटतो ते कळतं, आणि पुढच्या रनला दुसऱ्या ॲक्टमध्ये कोणतं कार्ड शोधायचं तेही.